चाळीस वॉटपर्यंतचा उतार

संशोधन-निबंधाचा गोषवारा रसग्रहणासाठी कोणी घेत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत कविता येते, तिचं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन खण भरले की गुण मिळतात. यंत्रशास्त्राच्या नियतकालिकातल्या आठ-दहा ओळी मात्र नुसत्या चाळायच्या, अशी आपली समजूत असते. मला ती पटत नाही. गोषवारा हा फार कडक शिस्तीचा लेखनप्रकार आहे. शब्द मोजून मिळतात, विशेषणांना बंदी असते, लिहिणाऱ्याने स्वतः कुठे दिसायचं नसतं आणि शेवटी जे हाती लागलं ते सांगून मोकळं व्हायचं असतं. एवढ्या बंधनात कोणी नेमकं लिहिलं असेल तर त्याची चव घ्यायला काय हरकत आहे?

माझ्यासमोर असे दोन गोषवारे आहेत. दोन्ही प्रमोद पाचघरे आणि आशिष महल्ले यांचे. पहिला २०१३ साली 'प्रोसीडिया इंजिनिअरिंग'च्या ५१व्या खंडात आला. मूळ निबंध अहमदाबादच्या निरमा विद्यापीठाच्या २०१२च्या परिषदेतला. दुसरा २०१४ साली कोरियातल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या 'जर्नल ऑफ मेकॅनिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी'त छापून आला. लेखकांचे पत्ते दोन: अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एलआयटी. एलआयटी नागपुरात अमरावती रोडवर आहे, तेव्हा पत्ते दोन असले तरी रस्ता एकच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था मुळात रासायनिक तंत्रज्ञानाची. दोन द्रव एकत्र केले आणि उकळले की काय होतं, हा प्रश्न त्या आवाराला नवा नाही. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

दोन्ही निबंधांचा विषय पल्सेटिंग हीट पाइप. त्याआधी साध्या हीट पाइपबद्दल थोडं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ती बनवली. एक बंद नळी, आत थोडासा द्रव आणि नळीच्या आतल्या भिंतीला वातीसारखं जाळीचं अस्तर. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, वाफ गार टोकाकडे जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि तो द्रव वातीतून झिरपत परत गरम टोकाला येतो. लॅपटॉप उघडला की पंख्याकडे गेलेली चपटी तांब्याची नळी दिसते ती हीच. १९९०च्या सुमारास जपानच्या हिसातेरू आकाची यांनी पेटंट घेऊन यातली वातच काढून टाकली. नळी बारीक घेतली, नागमोडी वळवली, तिची दोन टोकं एकमेकांना जोडली, आतली हवा काढून घेतली आणि द्रव अर्धवटच भरला. नळी इतकी बारीक की पृष्ठताणामुळे द्रव सगळा तळाला साचत नाही. द्रवाचा तुकडा, मग वाफेचा बुडबुडा, मग पुन्हा द्रवाचा तुकडा अशी माळ सगळ्या नळीत आपोआप होते. खालचा भाग तापवला की तिथले बुडबुडे फुगतात, वरच्या गार भागातले आकसतात आणि मधले द्रवाचे तुकडे हेलकावे खाऊ लागतात. ना पंप, ना मोटर. त्या हेलकाव्यांसोबत उष्णता खालून वर जाते.

यंत्र इतकं साधं की त्याचं चित्र शाळकरी पोरगंही काढील. त्याचं गणित मात्र तीस-पस्तीस वर्षांनंतरही पूर्ण सुटलेलं नाही. कुठला बुडबुडा कधी फुटेल, कुठला तुकडा कुठल्या दिशेला जाईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून जगभर लोक नळ्या वाकवतात, द्रव भरतात, तापवतात आणि मोजतात. पाचघरे-महल्ले यांनीही तेच केलं.

पहिला गोषवारा आकड्यांनी सुरू होतो. तांब्याची नळी, आतला व्यास २.० मिलिमीटर, बाहेरचा ३.० मिलिमीटर. वळणं दहा. द्रव निम्म्या जागेत, म्हणजे ५० टक्के. खाली तापणारा भाग, मध्ये उष्णता बाहेर जाऊ न देणारा भाग आणि वर गार होणारा भाग, तिन्हींची लांबी सारखी, ५० मिलिमीटर. नळी उभी, तापवायचं खालून. उष्णता १० वॉटपासून १०० वॉटपर्यंत. द्रव चार: मिथेनॉल, इथेनॉल, अ‍ॅसिटोन आणि पाणी. शिवाय त्यांची निरनिराळी दुहेरी मिश्रणं.

या ओळी रुक्ष वाटतात खऱ्या, पण त्यातला ५०चा आकडा बघा. तीन भाग ५०-५०चे आणि भरणही ५० टक्के. द्रव सोडून दुसरं काहीच बदलायचं नाही, हा निश्चय त्यातून दिसतो. एकाला झुकतं माप नको म्हणून मैदान आधी सपाट करून घेतलेलं आहे. व्यासाचा २.० हाही सहज निवडलेला आकडा नव्हे. नळी फार रुंद असली तर द्रव खाली बसतो आणि माळ तुटते. फार अरुंद असली तर भिंतीचं घर्षण हेलकावे मारून टाकतं. पाण्याचा पृष्ठताण आणि घनता घेऊन हिशेब केला तर २० अंशांना वरची मर्यादा साधारण साडेपाच मिलिमीटर येते, अ‍ॅसिटोनसाठी साडेतीन. खालची मर्यादा, रूढ सूत्राने, पाण्यासाठी १.९ मिलिमीटरच्या आसपास आणि अ‍ॅसिटोनसाठी १.२ येते. म्हणजे २.० मिलिमीटरच्या नळीत चारही द्रव चालतात, पण पाणी अगदी उंबरठ्यावर आहे. निकाल वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं.

आता थोडी बेरीज करू, गोषवाऱ्यात ती नाही. दहा वळणांचे वीस उभे पाय, प्रत्येक १५० मिलिमीटर. एकूण तीन मीटर नळी, वरखालची वळणं वेगळी. आतली पोकळी साधारण साडेनऊ मिलिलिटर भरते. तिच्या निम्मा द्रव म्हणजे पावणेपाच मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. नळीत द्रव नसता आणि नुसत्या तांब्यातूनच उष्णता जायची असती, तर वरखाली २० अंशांचा फरक असताना जेमतेम सहा-सात वॉट गेले असते. प्रयोग १०० वॉटपर्यंत जातो. वरचं सगळं ओझं त्या चमचाभर द्रवाने उचलायचं आहे.

यानंतर गोषवाऱ्यातला पहिला निष्कर्ष येतो. औष्णिक रोध, म्हणजे गरम आणि गार भागांच्या तापमानातला फरक भागिले वाहून नेलेले वॉट. हा रोध १० ते ४० वॉटच्या दरम्यान झपाट्याने उतरतो आणि ४०च्या पुढे हळूहळू. सगळ्या निबंधाचा कणा या वाक्यात आहे, आणि लेखकांनी ते कसलाही आवाज न चढवता लिहिलंय. एरवीच्या यंत्राला जास्त काम दिलं की ते दमतं. या नळीला जास्त उष्णता दिली की ती सुधारते. दहा वॉटला आतला द्रव अजून धड हललेलाही नसतो आणि ओझ्याचा बराच वाटा तांब्याची भिंत निमूट वाहत असते. उष्णता वाढली की दाबातला फरक वाढतो, तुकडे जोरात सरकतात, हेलकावे मोठे होतात आणि पुढे पुढे प्रवाह एकाच दिशेने फिरू लागतो. चाळीसच्या पुढे उतार मंदावतो, कारण वेग वाढला की घर्षणही वाढतं आणि गार भागालाही आलेली उष्णता बाहेर टाकायला मर्यादा असतात. ही कारणमीमांसा वाचक म्हणून माझी. गोषवारा फक्त उतार दाखवतो, आणि तेवढंच दाखवतो म्हणून तो पुन्हा वाचावासा वाटतो.

मग निवाडा: शुद्ध अ‍ॅसिटोन सगळ्यांत सरस.

इथे नागपूरच्या वाचकाची भुवई वर गेली पाहिजे. नागपूरकराला अप्रकट उष्मा कोणी शिकवावा लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत गेला की घरोघरी कूलर लागतो, टाकीत पाणी ओतलं जातं, ओल्या ताट्यांतून हवा ओढली जाते आणि खोली गार होते. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता शोषतं, ही त्या गारव्यामागची गोष्ट. अ‍ॅसिटोनचा तोच आकडा सव्वापाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे पाण्याच्या पावपटीहूनही कमी. मिथेनॉल ११००च्या घरात, इथेनॉल साडेआठशेच्या. वाफ होताना जो जास्त उष्णता उचलतो तो जास्त वाहून नेणार, हे कूलरचं शहाणपण. त्या हिशेबाने पाणी पहिलं यायला हवं होतं आणि अ‍ॅसिटोन शेवटचं. निकालात मात्र अ‍ॅसिटोनच पहिलं!

याचं उत्तर या नळीच्या स्वभावात आहे. शफी, फगरी आणि झांग यांनी २००१ साली अशा नळ्यांचं गणिती प्रारूप मांडलं तेव्हा त्यांना दिसलं, की उष्णतेचा बहुतांश वाटा वाफेच्या अप्रकट उष्म्यातून जातच नाही. द्रवाचे तुकडे खाली तापतात, वर जाऊन थंड होतात, आणि उष्णता मुख्यतः तेच वाहतात. वाफेचं काम ढकलण्याचं. म्हणजे वाफ इथे हमाल नाही, ती गाडा ढकलणारी. तसं असेल तर वाफ होताना द्रवाने फार उष्णता खाल्ली तर ते उलट नडतं. अ‍ॅसिटोनला थोड्या उष्णतेत भरपूर वाफ करता येते आणि ढकलायला लागलीच जोर मिळतो.

जोर किती, तेही बघता येतं. हवा काढलेल्या नळीत आतला दाब म्हणजे त्या तापमानाचा बाष्पदाब. पन्नास अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढलं तर अ‍ॅसिटोनचा बाष्पदाब जवळजवळ २.९ किलोपास्कलने चढतो, मिथेनॉलचा २.४ने, इथेनॉलचा १.४ने आणि पाण्याचा जेमतेम ०.६ने. गरम आणि गार टोकांत तेवढाच फरक असला तरी अ‍ॅसिटोनच्या तुकड्यांना पाण्याच्या जवळजवळ पाचपट धक्का बसतो. त्यात श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा: २० अंशांना पाण्याची १.०० मिलिपास्कल-सेकंद, इथेनॉलची १.२, मिथेनॉलची ०.५९ आणि अ‍ॅसिटोनची ०.३२. धक्का सर्वांत मोठा आणि अडथळा सर्वांत कमी. दोन्ही बाजूंनी अ‍ॅसिटोनचं पारडं जड आहे. पाण्याकडे एकच मोठी जमेची बाजू उरते, विशिष्ट उष्माधारकता. तेवढ्याच वस्तुमानाचं पाणी अ‍ॅसिटोनच्या जवळपास दुप्पट उष्णता पाठीवर घेऊ शकतं. पण ते आधी हललं तर पाहिजे!

अ‍ॅसिटोनच्या निवाड्याला लागून पहिल्या गोषवाऱ्यात आणखी एक वाक्य आहे आणि मला ते सगळ्यांत आवडतं. शुद्ध द्रव आणि दुहेरी मिश्रणं यांच्यात मोजता येईल असा फरक नोंदला गेला नाही, अशा अर्थाचं.

हे वाक्य लिहायला धाडस लागतं. निबंधाच्या शीर्षकातच 'शुद्ध आणि दुहेरी द्रवांचा परिणाम' आहे. मिश्रणं तयार करायची, नळी रिकामी करायची, पुन्हा निर्वात करायची, पुन्हा निम्मी भरायची, १० वॉटपासून १००पर्यंत पायरी-पायरीने चढायचं आणि प्रत्येक पायरीला तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं. एवढं केल्यावर ज्या गोष्टीसाठी खटाटोप मांडला तीच दिसली नाही असं म्हणायचं. परिषदांच्या निबंधांत हे क्वचित वाचायला मिळतं. काहीतरी सुधारलं, इतके टक्के वाढलं, असं सांगण्याची सवय इतकी मुरलेली आहे की 'फरक नाही' हा निष्कर्षच वाटत नाही. इथे तो निष्कर्ष म्हणून मांडलाय, आणि 'मोजता येईल असा' हे शब्द जोडून. फरक नसेलच असा दावा नाही. आमच्या मोजणीत आला नाही, एवढंच. भाषिक वैशिष्ट्यं विचारणाऱ्याला मी याच तीन शब्दांवर बोट ठेवायला सांगेन.

त्याच वेळी या वाक्यात एक गाठही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शुद्ध अ‍ॅसिटोन सगळ्यांत सरस असेल आणि शुद्ध व मिश्र यांच्यात फरक नसेल, तर अ‍ॅसिटोन मिसळलेली मिश्रणं अ‍ॅसिटोनच्या बरोबरीची की मागे? दोन वाक्यं शेजारी ठेवली की एकमेकांना खटकतात. सौम्य अर्थ लावायचा तर असा: मिश्रणं एक गट म्हणून शुद्ध द्रवांच्या गटापेक्षा वरचढ ठरली नाहीत, आणि सगळ्यांत अ‍ॅसिटोन थोडं पुढे राहिलं. पण तो अर्थ वाचकाला लावावा लागतो. कवितेत अशी संदिग्धता गुण मानतात. इथे मी तिला गुण म्हणणार नाही, पण याच फटीतून दुसरा निबंध आत आला असावा असं वाटतं.

दुसऱ्या गोषवाऱ्यात नळी तांब्याचीच, आतला व्यास २.० मिलिमीटरच, भरण ५० टक्केच, उभी आणि खालून तापवलेली. पण दोन मोठे बदल आहेत. वळणं दहाऐवजी दोन. आणि मधल्या १७० मिलिमीटरच्या भागात ८० मिलिमीटर काचेची नळी बसवलेली, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. खालचा तापणारा भाग ४२ मिलिमीटर, वरचा ५०. तीन सारखे भाग करण्याचा पहिला नीटनेटकेपणा इथे सोडून दिलाय आणि त्याच्या बदल्यात खिडकी मिळवलीय. मला हा सौदा फार आवडला. पहिल्या निबंधात फक्त तापमान बोलत होतं, इथे डोळ्यांनाही काम मिळालं. वळणं दोन केल्याने द्रवही कमी झाला. माझ्या हिशेबाने सगळ्या नळीत मिळून दीड-पावणेदोन मिलिलिटर.

मिश्रणं आता नावानिशी आहेत: पाणी-इथेनॉल, पाणी-मिथेनॉल आणि पाणी-अ‍ॅसिटोन, तिन्ही आकारमानाने १:१. आणि निकाल? रोध ४० वॉटपर्यंत सलग उतरतो, पुढे बऱ्यापैकी स्थिर राहतो. सगळ्यांत सरस: पाणी-अ‍ॅसिटोनचं मिश्रण.

आधी ४० वॉटचं पाहू. वळणं दहाची दोन झाली, द्रव एक तृतीयांश झाला, लांब्या बदलल्या, मध्ये काच आली, तरी उताराचं वळण ४०लाच. कवितेत ध्रुवपद परतून यावं तसा हा आकडा दुसऱ्या रचनेत परतलाय. योगायोग असू शकेल. दहा वळणांना ४० वॉट म्हणजे वळणामागे ४, दोन वळणांना ४० म्हणजे वळणामागे २०. वळणामागे पाचपट उष्णता देऊनही उंबरठा तिथेच कसा, हे कोणीतरी बसून सोडवण्यासारखं आहे. दोन्ही गोषवारे वेगवेगळे वाचले तर हा प्रश्न पडतच नाही.

आणि विजेता बदलला. एका वर्षाच्या अंतराने त्याच दोन नावांनी छापलेल्या दोन निबंधांत उत्तर वेगळं. घाईत वाचणारा याला विसंगती म्हणेल. मला वाटतं, दोन्ही खरे असू शकतात, आणि का, ते सांगायला एलआयटीत रोज चालणारं ऊर्ध्वपातनाचं शास्त्र पुरेसं आहे.

पाणी आणि अ‍ॅसिटोन आकारमानाने निम्मं-निम्मं घेतलं तर रेणूंच्या हिशेबात ते निम्मं-निम्मं राहत नाही. अ‍ॅसिटोनचा रेणू जड आणि मोठा. पन्नास मिलिलिटर पाण्यात सुमारे २.७७ मोल, पन्नास मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये ०.६८. म्हणजे मिश्रणातल्या दर पाच रेणूंपैकी चार पाण्याचे. पण हे मिश्रण उकळलं की जी वाफ निघते तिचं प्रमाण उलटं असतं. सामान्य हवेच्या दाबाला असं मिश्रण ६३-६४ अंशांना उकळतं आणि वाफेतल्या दर पाच रेणूंपैकी जवळजवळ चार अ‍ॅसिटोनचे निघतात. द्रवात चार पाण्याचे, वाफेत चार अ‍ॅसिटोनचे. या नळीत ढकलणारी वाफ आणि वाहणारा द्रव अशी दोन कामं वेगळी वाटलेली आहेत हे आधी पाहिलंच. या मिश्रणात ढकलण्याचं काम बहुतांशी अ‍ॅसिटोनकडे गेलं आणि वाहण्याचं बहुतांशी पाण्याकडे. दोघांनाही आपापलं हातखंडा काम मिळालं.

अर्थात हे इतकं सरळ असतं तर पहिल्या प्रयोगातही मिश्रण जिंकलं असतं. एक अडचण श्यानतेची आहे. पाण्यात अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल मिसळलं की साध्या तापमानाला मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा दाट होतं. इथेनॉलच्या बाबतीत तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाची श्यानता २० अंशांना पाण्याच्या अडीचपटीहून जास्त भरते. तापमान वाढलं की हा फरक ओसरतो, पण सुरुवातीला, कमी वॉटला, तो पाय ओढतो. तीन मीटरच्या, वीस पायांच्या नळीत हे घर्षण सगळ्या वाटेवर भोगावं लागतं. मीटरभराच्या, दोन वळणांच्या नळीत कमी. दहा वळणांत मिश्रणाचा फायदा घर्षणाने खाऊन टाकला आणि दोन वळणांत तो वर आला, असं होऊ शकतं. हा माझा तर्क, लेखकांचा दावा नव्हे.

या दोन निबंधांना एक मोठा शेजार आहे. स्टुटगार्टचे मानफ्रेड ग्रोल, चिआंग माईचे प्रदित तेर्दतून आणि त्यांच्यासोबत काम करणारे समीर खांडेकर व पियानुन चारोएनसवान यांनी २००३ साली एक ते दोन मिलिमीटरच्या, ५ ते २३ वळणांच्या नळ्यांवर पाणी, इथेनॉल आणि आर-१२३ हे शीतक तपासलं. दोन मिलिमीटरच्या उभ्या नळीत त्यांना पाणी सरस दिसलं आणि एक मिलिमीटरच्या नळीत तेच पाणी मागे पडलं. अ‍ॅसिटोन त्यांच्या यादीत नव्हतं. खांडेकर पुढे आयआयटी कानपूरला प्राध्यापक झाले आणि या नळ्यांवर भारतातून लिहिणाऱ्यांत त्यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जाऊ लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये कानपूरला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलत असताना ते व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. २०१४च्या निबंधाच्या शीर्षकात 'थर्मो-हायड्रोडायनॅमिक्स' हा शब्द आहे. खांडेकरांच्या स्टुटगार्टच्या प्रबंधाच्या शीर्षकातही तोच आहे. विदर्भातल्या दोन शिक्षकांनी कोणाचं बोट धरून विषयात पाऊल टाकलं याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

तक्रारी दोन. पहिली, मिश्रणाचं प्रमाण एकच, १:१. वर जो चार-पाचांशांचा हिशेब मांडला तो खरा असेल, तर सगळं नाट्य प्रमाणातच आहे. पाण्यात दहावा हिस्सा अ‍ॅसिटोन घातलं तरी वाफेतले जवळजवळ निम्मे रेणू अ‍ॅसिटोनचे निघतील आणि द्रव जवळजवळ पाणीच राहील. तो रोध किती येईल? दोन टोकं आणि मधला एकच बिंदू घेऊन वक्र काढता येत नाही. दुसरी, नळी दोन्ही वेळा उभी आणि तापवणं दोन्ही वेळा खालून. वर गेलेल्या द्रवाला परत आणण्यात गुरुत्वाकर्षण मदत करतं. तीच नळी आडवी केली की खरी परीक्षा, आणि दोन वळणांची आडवी नळी बहुधा चालणारच नाही. खांडेकर-ग्रोल गटाला आडव्या स्थितीत नळी चालायला वळणांची एक किमान संख्या लागते असं दिसलं होतं. जिथे गुरुत्वाकर्षणाचा आधारच नाही, तिथेही या नळ्या गेल्या आहेत. अमेरिकी हवाई दलाच्या एक्स-३७बी यानातून सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांची एक चाचणी कक्षेत पाठवली गेली. त्या प्रश्नांना हे दोन निबंध हात घालत नाहीत, आणि घालू असं त्यांनी म्हटलेलंही नाही.

दोन्हींतला एकच ठेवायचा झाला तर मी कुठला ठेवीन? दुसरा जास्त परिपक्व आहे. त्यात खिडकी आहे, नावानिशी मिश्रणं आहेत, ठाम विजेता आहे. नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी तोच देईन. पण माझ्याजवळ ठेवायला मी पहिला घेईन. दुसऱ्या निबंधातलं पाणी-अ‍ॅसिटोन पहिल्या निबंधातल्या त्या नकारातून निघालंय असं मला वाटतं. फरक मोजता आला नाही असं लिहून ठेवलं नसतं, तर वळणं कमी करून, काच बसवून पुन्हा मोजायला बसायचं काही कारणच उरलं नसतं.